हिरव्याखालची वाट

दलदलीच्या जंगलात खूप आत एक झाड उभं होतं, आणि त्या झाडाच्या शेंड्याच्या काड्या तोडून आणायच्या होत्या. एवढंच काम. सांगायला कितीसा वेळ लागतो? पण तिथे जाऊन आलेल्या माणसाला विचारा, म्हणजे तो आधी खाली बसेल, पाणी मागेल आणि मग तोंड उघडेल.

काड्या हव्या होत्या कलमांसाठी. दरीतल्या शेतांच्या बांधांवर सावलीच्या झाडांच्या रांगा होत्या. त्यांच्या आडोशाने पीक वाढायचं, त्यांच्या पाल्यावर गुरं जगायची, आणि उतारावरची माती त्यांच्याच मुळांनी धरून ठेवलेली. त्या झाडांना शेंडेमर लागली. आधी शेंडा काळा पडायचा, मग फांद्या, मग खोड. पहिलं झाड वाळलं तेव्हा कुणी मनावर घेतलं नाही. म्हातारी मेल्याचं दुःख नसतं, पण काळ सोकावतो, तसं झालं. बघता बघता रांगाच्या रांगा वाळल्या. शेवटी दरीतल्या लोकांनी बसून ठरवलं, की नवी पालवी फुटायच्या आत काही उपाय निघाला तर ठीक, नाहीतर उरलेली सगळी झाडं तोडून जाळून टाकायची. रोग तरी थांबेल.

त्या उरलेल्या झाडांत सगळ्यांत जुनी रांग झाडबाईच्या सासूबाईंची होती. सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हा त्या बांधावर गवताची काडी नव्हती. त्यांनी रोपं लावली, हंड्याने पाणी घातलं, एक मूल पाठीशी बांधून आणि एक बोटाला धरून. आता त्या रोज सकाळी रांगेखालून चालत जायच्या आणि वर बघायच्या. रडायच्या नाहीत. पण घरी येऊन चहा गार होईपर्यंत नुसता कप धरून बसायच्या, आणि ते झाडबाईला बघवत नव्हतं.

झाडबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. ती संशोधन केंद्रात कामाला होती. शेतात पिकाच्या जोडीला झाड कसं वाढवावं, जंगल कसं राखावं, हा तिचा विषय. म्हणून केंद्रातल्या लोकांनी तिचं नाव झाडबाई ठेवलेलं. नव्या माणसाला वाटायचं ही केंद्रात झाडलोट करते, आणि तो खुशाल तिला केर दाखवायचा. तीही मुकाट्याने काढून टाकायची, कारण वाद घालायची तिला भीती वाटायची. तशी तिला कशाची वाटायची नाही? पालीची वाटायची, उंचीची वाटायची, वरिष्ठांच्या फोनची वाटायची. कामात गुंग झाली की मात्र तिला भान राहायचं नाही. हातात आलेली पेन्सिल, चिठ्ठी, काडी, जे असेल ते ती अंबाड्यात खोचायची आणि दिवसभर शोधत बसायची. घरात सगळे त्यावरून हसायचे.

या भित्र्या बाईनेच ते झाड शोधलं होतं. दोन हिवाळ्यांपूर्वीच्या पाहणीत, दलदलीच्या जंगलात, शेंडेमरीने काळ्या पडलेल्या त्याच जातीच्या झाडांच्या मधोमध एकच झाड हिरवंगार उभं होतं. तिने त्याला नाव दिलं म्हातारी. रोगाला पुरून उरलेल्या त्या म्हातारीच्या काड्या बांधावरच्या झाडांवर बांधल्या, तर मुळं जुनीच राहतील आणि वरचं झाड रोगाला भीक घालणार नाही. फक्त काड्या घ्यायच्या त्या शेंड्याच्या, आणि त्यांवरचे डोळे, म्हणजे मिटलेले कोंब, फुगायच्या आत.

आणि नेमकं त्याच वर्षी जंगलाला आग लागली.

वरची आग महिन्यापूर्वीच विझवली होती. पण त्या जंगलाची जमीन म्हणजे माती नव्हतीच. शेकडो वर्षांचा पालापाचोळा एकावर एक साचून माणूस बुडेल इतका जाड झालेला. एरवी तो पाण्याने भिजलेला असायचा. दुष्काळाने तो वाळला आणि आग त्याच्या पोटात शिरली. ही आग वणव्यासारखी धावत नाही. ती खाली बसून धुमसते, आतून जमीन खाते आणि वर शेवाळाची पातळ साय तशीच ठेवते. वरून बघावं तर सगळं शांत. पाय ठेवला की माणूस निखाऱ्यात!

म्हणून मोहिमेत तीनच माणसं होती. झाडबाई, तिचे भावोजी आणि वनरक्षक हवामानकाका. भावोजी म्हणजे तिचे धाकटे दीर, उंच झाडांची छाटणी करणारे, दोन मुलांचे बाप, पायाला लोखंडी आकडे बांधून सरळ खोडावर चढायचे. सासूबाईंनी निघताना त्यांना सांगितलं, वहिनीला सांभाळ. मग झाडबाईला बाजूला घेऊन सांगितलं, त्याला सांभाळ गं, तो वर गेला की खाली बघत नाही.

हवामानकाकांचा अंदाज मात्र अख्ख्या दरीत प्रसिद्ध होता. ते आभाळाकडे बघून जे सांगायचे त्याच्या बरोबर उलट व्हायचं. काका कोरडं म्हणाले की लोक छत्री घेऊन निघायचे, आणि काकांना याचा पत्ता नव्हता. अंदाज चुकला की ते आभाळालाच दोष द्यायचे.

सकाळी कालव्यातून होडीने ते आत शिरले. हा जुना कालवा कधीकाळी दलदल आटवायला खणलेला. पुढे ओंडके पडून तो तुंबला होता, गाळ कमरेपर्यंत, त्यात जळवा. होडी बांधली आणि तिघं काठावर उतरली. झाडबाईने वाट आधीच ठरवून ठेवली होती. जंगलात इतर जातींची झाडं अजून हिरवी होती, आणि तिचा नियम साधा होता. झाड हिरवं, तर मुळं जिवंत. मुळं जिवंत, तर खाली आग नाही. म्हणून हिरव्या झाडांच्या खालून चालायचं आणि वाळक्यांपासून लांब राहायचं.

नियम तिने दोघांकडून म्हणवून घेतला. भावोजी शाळकरी पोरासारखे म्हणाले, "हिरव्याखालून चालायचं, बाई."

ती हसली. पुढे ती, हातात लोखंडी सळई. प्रत्येक पावलाआधी सळई जमिनीत खुपसायची. खाली घट्ट लागली तर पाऊल टाकायचं. मागे काका, शेवटी दोर खांद्यावर घेतलेले भावोजी. जंगलात पाखरू नव्हतं. धुकं होतं की धूर ते कळत नव्हतं. नाकाला सतत कोळशाचा वास, आणि पायाखालची जमीन गादीसारखी दबायची नि परत वर यायची. झाडबाईला वाटलं, घरी जावं. पहिल्या शंभर पावलांतच वाटलं, आणि ते वाटणं नंतर गेलंच नाही.

काकांनी वर बघितलं आणि सांगितलं, की आज वाऱ्याचं काही काम नाही, पान हलायचं नाही.

भावोजींनी झाडबाईकडे बघितलं. झाडबाईने भावोजींकडे बघितलं. भावोजींनी खांद्यावरचा दोर घट्ट केला.

थोडं पुढे गेल्यावर मागे कुठेतरी धप्प असा आवाज झाला. मोडल्याचा नाही, करकरल्याचा नाही. नुसता धप्प! जमीन पायाखाली थरारली आणि धुक्यात काहीच दिसेना. झाड पडलं, काका म्हणाले. वाळकंच असणार, झाडबाई म्हणाली, आणि ते स्वतःलाच पटवून देण्यासाठी दोनदा म्हणाली. पण झाड पडताना ओरडतं, हे तिला माहीत होतं. मुळं ताणतात, तुटतात, दूरवर ऐकू जातं. हे का ओरडलं नाही? तिने तो विचार तिथेच सोडला, कारण पुढचं पाऊल टाकायचं होतं.

मग काका अडकले. काकांना पायवाट सोडून चालायची खोड होती. एका ओंडक्याला वळसा घालायचा तर त्यांनी दोन पावलं डावीकडे टाकली, आणि त्यांचा उजवा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. क्षणभर काहीच झालं नाही. काका ओशाळून हसले. दुसऱ्या क्षणाला त्यांचा चेहरा बदलला.

"मॅडम," ते म्हणाले, "खाली गरम आहे."

भावोजींनी त्यांना काखेत हात घालून उपसून काढलं. बुटाचा तळ वितळून लोंबत होता. ज्या भोकातून पाय निघाला त्यात झाडबाईने डोकावून बघितलं. शेवाळाची साय बोटभर जाड. तिच्याखाली पोकळी. आणि त्या पोकळीच्या तळाशी, खूप खोल, लाल! सगळीकडे लाल! चुलीत रात्रभर राखेखाली झाकून ठेवलेला निखारा सकाळी फुंकर मारल्यावर दिसावा, तसा. एवढा वेळ ती याच्यावरून चालत होती.

पायावर पाणी ओतून, फडकं बांधून झाल्यावर ती सरळ म्हणाली, की आपण परत जाऊ. तिला लाज वाटली नाही. पण भावोजींनी बोट दाखवलं. धूर जरा विरला होता आणि समोर, वाळक्या झाडांच्या वर, म्हातारीचा हिरवा शेंडा दिसत होता. एवढा जवळ! काकाही म्हणाले, एवढं आलोच आहोत तर, पाय काय, पायाला दुसरा आहे. झाडबाईने त्या शेंड्याकडे बघितलं आणि तिला सासूबाईंचा तो गार झालेला चहा आठवला. तिने सळई उचलली.

म्हातारी कालव्याच्या वळणाजवळ उभी होती. उजेडासाठी सगळं अंग कालव्याकडे झुकवलेली, खाली एकही फांदी नाही, खोड तिघांच्या कवेत न मावणारं. पाला असा दाट की खाली सावली पडली होती. सभोवतालच्या काळ्या झाडांत तेवढीच एक सावली. भावोजींनी पायाला आकडे बांधायला घेतले. खिशात कात्री, कमरेला पट्टा, आणि तोंडाने शीळ. झाडबाई सवयीने खोडाभोवती फिरायला गेली.

पलीकडच्या अंगाला दुसऱ्या जातीचं एक झाड पडलेलं होतं. तिने सहज त्याच्या पानांना हात लावला आणि हात तिथेच राहिला. पानं हिरवी होती. लवचीक, टवटवीत, पडून एक दिवसही झाला नसेल. ती धावत त्याच्या बुंध्याकडे गेली. मुळं नव्हतीच! जिथे मुळं असायला हवीत तिथे काळी थोटकं, काड्यापेटीच्या विझलेल्या काड्यांसारखी. म्हणजे झाड तुटलं नव्हतं, त्याला धरून ठेवणारं खाली काही उरलंच नव्हतं. म्हणून आवाज आला नव्हता.

आणि मग तिला सगळं एकदम कळलं. थंडीच्या दिवसांत झाडाला पाणी लागतं कितीसं? खोडात साठलेलं पुरतं. मुळं जळून गेली तरी झाड आठवडाभर हिरवं राहतं. त्याला बिचाऱ्याला ठाऊकच नसतं आपण मेलोय. वाळक्या झाडाचा भार तरी कमी. हिरव्याच्या डोक्यावर सगळा पाला, सगळं वजन, आणि खाली काही नाही. आणि ती सकाळपासून दोन माणसांना नेमकी हिरव्याखालून चालवत होती! झाडं आयुष्यभर वर बघून ओळखायची सवय. पानावरून मुळाची परीक्षा. केंद्रात तिने नव्या मुलांनाही हेच शिकवलं होतं.

ती म्हातारीच्या बुंध्याशी आली आणि दोन मुळांच्या बेचक्यात सळई खुपसली. सळई मुठीपर्यंत आत गेली. काहीही लागलं नाही. बाहेर काढली तर हाताला चटका बसला.

"भावोजी, चढू नका."

ते एक पाय खोडावर ठेवून थांबले. तिने सांगितलं, की ही उभी आहे ती केवळ आजवर उभी होती म्हणून. त्यांनी ऐकून घेतलं, वर बघितलं, खाली बघितलं. मग म्हणाले, मी हलका माणूस आहे, भरकन जाईन नि भरकन येईन. एवढ्या मोठ्या झाडाला माझं काय ओझं. आणि दोर उचलायला वाकले.

तेव्हा झाडबाई त्या दोराच्या वेटोळ्यावर जाऊन बसली. चक्क फतकल मारून!

"वहिनी, उठा."

"नाही उठणार."

"आईला काय सांगू मी? तिच्या रांगेला उद्या कुऱ्हाड लागेल."

"आईंना सांगा, वहिनीने नाही म्हटलं." तिने वेटोळं दोन्ही हातांनी धरलं. "भावोजी, मला आत्ता इतकी भीती वाटतेय की मला नीट बोलताही येत नाहीये. पण झाडं पुन्हा लावता येतात. तुम्ही नाही."

भावोजी वाकलेले सरळ झाले. या वहिनीने घरात कधी आवाज चढवला नव्हता, कुणाला नाही म्हटलं नव्हतं. ते खाली बसले आणि आकडे सोडायला लागले. डोळे पुसले की घाम पुसला, ते झाडबाईने बघितलं नाही. परत निघायचं ठरलं. वाट तीच, फक्त आता हिरव्यापासूनही लांब राहायचं होतं आणि वाळक्यापासूनही. मग चालायचं तरी कुठून?

काकांनी धीर देण्यासाठी म्हटलं, "एक बरं आहे. वारा काही सुटत नाही."

आणि वारा सुटला!

आधी शेंडे हलले. मग लांबवर एक धप्प. दुसरा धप्प. जवळ तिसरा! चहूबाजूंनी झाडं बसायला लागली, पत्त्यांचा बंगला बसावा तशी, निमूटपणे. "काका, भावोजी, आडवे पळा!" झाडबाई ओरडली. म्हातारी कालव्याकडे झुकलेली होती, म्हणजे तिकडेच पडणार. तिने काकांची बाही धरली आणि ओढलं. काका लंगडत धावले. भावोजींनी दोर उचलला. मागे कसलाच आवाज नव्हता. फक्त उजेड बदलला. जिथे सावली होती तिथे एकदम ऊन आलं.

धाड!

जमीन उचलली गेली आणि तिघं तोंडावर पडली. उठून बघतात तो म्हातारी आडवी. तिचा बुंधा उपसून वर आलेला, आणि त्याखालचा खड्डा उघडा पडला होता. इतके दिवस गुदमरलेल्या निखाऱ्यांना वारा मिळाला. भपकन ज्वाळा उठली! पाठोपाठ दुसरी! ते आले होते ती वाट त्यांच्या डोळ्यांदेखत खचत गेली. पावलांच्या ठशांच्या जागी धुराची रेघ, मग चर, मग आग. तिन्ही बाजूंनी धूर, आणि पायाखालची साय ऊन होत चाललेली.

बुटांतून तळवे भाजायला लागले. झाडबाईला मुलाचा चेहरा आठवला. सकाळी त्याचा डबा भरायचा राहिला होता, आणि त्या डब्याचंच तिला रडू आलं.

मग तिला दिसलं, की म्हातारीचं खोड त्या सगळ्या पोकळ जमिनीवरून सरळ कालव्यापर्यंत गेलं होतं. शेंडा पाण्यात. ओलं, जाड, हिरव्या सालीचं खोड लगेच जळायचं नव्हतं.

"खोडावरून!" ती म्हणाली. "चढा, खोडावर चढा."

भावोजींनी आकडे पुन्हा पायाला अडकवले, खोडावर गेले आणि दोर खाली सोडला. आधी काका. मग ती. पाण्याची एकच बाटली उरली होती. तिघांनी आपापली फडकी भिजवून डोक्यानाकाला गच्च बांधली आणि निघाले. खोड माणसाच्या उंचीहून उंच होतं. झाडबाईला उंचीची भीती. ती उभी राहू शकली नाही. ती रांगली. नखं सालीत रुतवून, डोळे सालीवर ठेवून, खाली न बघता. खाली ठिकठिकाणी जमीन फाटत होती आणि फटींतून लाल दिसत होतं. भावोजी पुढून सारखे बोलत होते, शाब्बास वहिनी, आणखी थोडं वहिनी. एरवी ते असं बोलले असते तर तिने त्यांची चेष्टा केली असती.

फांद्या लागल्या आणि तिला धरायला काहीतरी मिळालं. समोर पाणी दिसत होतं. आणि तिच्या नाकासमोर शेंड्याची फांदी होती! पेन्सिलीएवढ्या जाड काड्या, डोळे मिटलेले, अगदी जशा हव्या तशा. माणसाचा जीव कसा असतो बघा. मागे आग लागली असताना त्या बाईने कात्री मागून घेतली, एक काडी कापली, डोळ्यांशी धरून निरखली. आणि मग ती कापत सुटली, दोघं काड्या गोळा करत गेले. खाटखाट, खाटखाट! ओल्या गोणपाटाची पिशवी भरली. तिने ती खांद्याला अडकवली आणि मनात सासूबाईंना म्हटलं, आई, आणल्या.

तेवढ्यात काकांचा भाजलेला पाय निसटला. ते दोन फांद्यांच्या मधून खाली गेले आणि एका हाताने लोंबकळले. त्यांच्या खाली कालव्याचा काठ होता, आणि काठ आतून पेटलेला होता.

झाडबाई सगळ्यांत जवळ होती. तिने एक हात दिला. पुरेना. पिशवी खांद्यावरून घसरून कोपरात आली, हात अडकला. काका वर बघत होते. तिने कोपर झटकलं. पिशवी खाली गेली, सायीवर आपटली, साय फुटली आणि पिशवी दिसेनाशी झाली. तिने दोन्ही हातांनी काकांचं मनगट धरलं. भावोजींनी तिची कंबर धरली. ओढा! काका वर आले, तिघं एकमेकांवर कोसळली आणि तशीच फांद्यांतून घसरत, ओरबाडत, धप्पदिशी कालव्यात!

पाणी थंड होतं. गाळ कमरेपर्यंत, जळवा होत्या, आणि त्या गाळासारखी सुखाची जागा झाडबाईने आयुष्यात पाहिली नव्हती. दोन्ही काठांवर धूर होता. ते मधोमध, कधी चालत, कधी ओंडक्यांवरून सरपटत होडीपर्यंत आले. होडीत बसल्यावर काकांनी मागे वळून पडलेल्या म्हातारीच्या दिशेने बघितलं आणि सवयीने तोंड उघडलं, "म्हातारी मेल्याचं दुःख..."

"काका, नको," झाडबाई म्हणाली, आणि ओंजळीत तोंड लपवून रडली. काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि वल्हं भावोजींकडे दिलं.

घरी पोचेपर्यंत दुपार कलली होती. भावोजींनी ओसरीवर बसून आईला सगळं सांगितलं. काहीच लपवलं नाही, वहिनी दोरावर बसली तेही. काड्या गेल्या, हे सांगताना मात्र ते जमिनीकडे बघत होते. सासूबाईंनी ऐकलं. रांगेकडे एकदा बघितलं. मग आत जाऊन गरम पाण्याची बादली आणली आणि सुनेला पुढ्यात बसवलं, लहान मुलीला बसवतात तशी. डोक्याला बांधलेलं फडकं अजून ओलं होतं. त्यांनी ते सोडलं, अंबाडा सोडायला हात घातला आणि त्यांना काहीतरी टोचलं.

"हे काय गं डोक्यात घेऊन फिरतेस?"

त्यांच्या हातात एक काडी होती.

ती पहिली काडी! कापली, निरखली आणि सवयीने फडक्याखालून अंबाड्यात खोचली. आगीतून, पाण्यातून, गाळातून ती ओल्या फडक्याखाली तशीच आली होती. झाडबाईने नखाने टोकाशी साल किंचित खरवडली. सालीखाली हिरवं होतं. पण आज सकाळपासून तिचा हिरव्यावरचा विश्वासच उडालेला, त्यामुळे ती हसली नाही. तिने काडी नाकाशी धरली, वाकवून बघितली, पुन्हा खरवडली. भावोजी उठले आणि न बोलता कलमाची सुरी आणायला गेले.

काडीवर डोळे मोजकेच होते. त्याच संध्याकाळी, उजेड असेपर्यंत, रांगेतल्या पहिल्या झाडाचं डोकं छाटून त्यावर कलमं बांधली. सुरी भावोजींची, पट्टी झाडबाईची, आणि खोड धरून सासूबाई उभ्या. लोकांनी मुदत वाढवून दिली, कलम फुटतं का बघू म्हणाले. आणि मग ते दिवस सुरू झाले. झाडबाई पहाटे उठून बांधावर जायची. पट्टीला हात लावायची नाही. नुसती बघायची. आगीत ती जितकी घाबरली नव्हती तितकी आता घाबरत होती. एक काडी. बाकी जगात कुठेच नाही. वाळली तर सासूबाईंना काय सांगायचं? डोळे ना फुगत होते, ना काळे पडत होते. तिला झोप लागेना, जेवण जाईना.

शेवटी एके सकाळी काका आले, काठी टेकत, पायाला मोठं बांधलेलं. झाडबाईने त्यांना हाताला धरून बांधावर नेलं. सासूबाई आणि भावोजी मागोमाग आले. तिने आयुष्यात कधी कुणाकडे इतक्या आशेने बघितलं नसेल.

"काका, तुम्ही सांगा. लागेल का हे कलम?"

काकांना बरं वाटलं. त्यांना असं आदराने कुणी विचारत नसे. त्यांनी चष्मा पुसला. कलमाकडे एका बाजूने बघितलं, दुसऱ्या बाजूने बघितलं. आभाळाकडेही एकदा बघून घेतलं. मग त्यांनी मोठ्या दुःखाने मान हलवली.

"खोटं कशाला बोलू, मॅडम? नाही लागायचं."

भावोजींनी तोंड फिरवलं, त्यांचे खांदे हलत होते. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. झाडबाई मटकन बांधावरच बसली, डोळे पुसले, हसली, पुन्हा पुसले, आणि काकांना म्हणाली की आज जेवल्याशिवाय जायचं नाही. आणि कितीतरी दिवसांनी तिला स्वतःलाही भूक लागली होती.